भंगारातील हत्यारांची परीक्षा

रविवारी सकाळी तुमचे शिक्षक काय करीत असतील, याचा विचार तुम्ही कधी केला आहे का? मी भिवंडीतील एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो आणि बहुतेक रविवारी सकाळी मी कुठल्या तरी भंगाराच्या दुकानात, लोखंडाच्या ढिगापुढे उकिडवा बसलेला असतो. हात तेलाने काळे होतात, सदऱ्याला गंजाचे डाग पडतात आणि घरी गेल्यावर बोलणी खावी लागतात. तरीही मी जातो. कारण आपल्या प्रयोगशाळेच्या कपाटात नसलेली कितीतरी उपकरणे त्या ढिगात पडलेली असतात.

मागच्या पावसाळ्यानंतर अशाच एका रविवारी मला गोणपाटाखाली एक लाकडी पेटी सापडली. आत चार-पाच कानशी, दोन छिन्न्या, एक गुण्या, एक ओळंबा, कापड तपासण्याचे भिंग आणि तळहाताएवढ्या लहान डबीत ठेवलेला एक मायक्रोमीटर, म्हणजे तुम्ही प्रयोगशाळेत वापरता तो स्क्रू गेज, होता. डबी तेलाने काळीकुट्ट झाली होती.

“ही कुणाची, चाचा?” मी दुकानदारांना विचारले.

“एका फिटरची होती, मास्तर. म्हातारा गेला. मुलगा वजनावर घालून गेला. त्याला काय उपयोग?”

अमेरिकेत घरातील वडील माणूस गेले की अनेकदा त्याच्या वस्तूंची विक्री त्याच्या घरीच मांडतात आणि जुन्या हत्यारांचे शौकीन तेथे जातात. आपल्याकडे ही विक्री तराजूवर होते. कारागिराने तीस-चाळीस वर्षे जपलेली हत्यारे लोखंडाच्या भावाने जातात आणि भट्टीत वितळतात. मी ती पेटी दोनशे रुपयांना घेतली. ती खरोखर दोनशे रुपयांची होती की नाही, हे कसे ठरवायचे? या लेखाचा विषय तोच आहे.

हत्यारे येतात कुठून?

भिवंडी हे यंत्रमागांचे गाव. मुंबईच्या कापड गिरण्यांनी मोडीत काढलेले माग येथील अनेक कारखानदारांनी विकत घेतले आणि त्यांवर पुन्हा कापड काढले. गिरण्यांची यंत्रे मुख्यत्वे इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यातून आली होती. मुंबईत १८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी पहिली कापड गिरणी स्थापन केली, तिची यंत्रसामग्री ओल्डहॅम गावच्या प्लॅट ब्रदर्स या कारखान्याची होती. यंत्रांबरोबर पाने आले, मापे आली आणि ती वापरणारे फिटर व जॉबर येथे तयार झाले. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली. आता भिवंडीतही धोट्याचे जुने माग मोडीत निघतात आणि त्यांच्या जागी बिनधोट्याचे वेगवान माग येतात. मागाबरोबर त्याची हत्यारेही ढिगात पडतात.

मुंबईच्या चोरबाजारात, म्हणजे मटन स्ट्रीटच्या परिसरात, आणि बुधवार-रविवारी भरणाऱ्या पुण्याच्या जुन्या बाजारातही असा माल दिसतो.

या हत्यारांवरचे आकडे वाचणे हीसुद्धा एक गंमत आहे. एका पान्यावर ‘१/२ डब्ल्यू’ असे कोरलेले आढळले. अर्धा इंच म्हणजे १२.७ मि.मी. पण पान्याचे तोंड मोजले, तर ते २३ मि.मी. पेक्षा थोडे अधिक भरले! पाना खोटा होता का? नाही. ‘डब्ल्यू’ म्हणजे व्हिटवर्थ. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्याने १८४१ मध्ये स्क्रूच्या आट्यांसाठी प्रमाण सुचवले. त्यापूर्वी प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर चढत नसे. व्हिटवर्थच्या पद्धतीत आट्यांचा कोन ५५ अंशांचा ठेवला होता. या पद्धतीच्या पान्यावर त्याच्या तोंडाचे माप लिहीत नाहीत. ज्या बोल्टला तो लागतो त्याचा व्यास लिहितात. भारताने १९५६ च्या कायद्याने दशमान मापे स्वीकारली, पण लोखंडावर कोरलेला इंच कायद्याने पुसला जात नाही. तो अजूनही भंगारात भेटतो.

मी केलेली चूक

जुने हत्यार स्वस्त मिळाले म्हणून हुरळून जाऊ नये, हे मी फार ओशाळून शिकलो. तो प्रसंग सांगतो.

काही वर्षांपूर्वी मी भंगारातून एक ताणकाटा आणला. पट्टीवरचे सुरुवातीचे आकडे गंजाने खाल्ले होते, पण ५० ग्रॅमपासून पुढचे स्पष्ट दिसत होते. स्प्रिंग चांगली होती. मी तो पुसून सरळ अकरावीच्या प्रात्यक्षिकाला दिला. प्रयोग साधा होता. ॲल्युमिनियमचा ठोकळा हवेत तोलायचा, पाण्यात बुडवून तोलायचा आणि आर्किमिडीजच्या तत्त्वाने सापेक्ष घनता काढायची. उत्तर २.७ यायला हवे.

बहुतेक वह्यांत २.७ आले. एका मुलीच्या वहीत मात्र ३.० होते. हवेतील वजन ३०० ग्रॅम, पाण्यातील २००, फरक १००. ३०० भागिले १०० म्हणजे ३. मी तिला म्हणालो, “वाचन नीट घेतले नाहीस. खोडून पुन्हा कर.” तिने पुन्हा केले. पुन्हा ३.० आले. मी जरा आवाज चढवला. तेव्हा तिने वजनांच्या पेटीतले २०० ग्रॅमचे वजन काट्याला अडकवले आणि म्हणाली, “सर, हे बघा.” काटा २३० दाखवत होता. १०० ग्रॅमला १३० दाखवत होता.

कुणीतरी कधीकाळी त्या स्प्रिंगवर तिच्या मर्यादेबाहेर भार टांगला होता. स्प्रिंग हूकचा नियम पाळते ती एका मर्यादेपर्यंतच. ती ओलांडली की भार काढल्यावरही ती थोडी लांबलेलीच राहते. म्हणून रिकामा काटा शून्याऐवजी ३० वर उभा राहत होता आणि नेमके तेथलेच आकडे गंजाने खाल्ले होते! दोन्ही वाचनांतून ३० वजा करा: २७० आणि १७०. फरक तोच, १००. आता २७० भागिले १०० म्हणजे २.७.

मग इतरांना २.७ कसे मिळाले? त्यांना उत्तर ठाऊक होते. त्यांनी वाचने उत्तराला जुळवून लिहिली होती आणि मी त्यांवर बरोबरची खूण केली होती. जिने डोळ्यांना दिसले तेवढेच लिहिले, तिला मी रागावलो होतो. दुसऱ्या दिवशी वर्गात मी तिची क्षमा मागितली आणि ताणकाट्यावर एक चिठ्ठी चिकटवली: ‘३० वजा करा.’ तो काटा आजही आमच्याकडे आहे आणि उत्तम काम देतो. दोष असलेले हत्यार टाकाऊ नसते. त्याचा दोष आपल्याला ठाऊक नसणे, हे मात्र धोक्याचे असते.

हत्याराची साक्ष हत्याराकडूनच

येथे एक प्रश्न उभा राहतो. हत्यार तपासायला त्याहून अचूक हत्यार हवे. ते नसेल तर काय करायचे? जुन्या कारागिरांनी यावर एक सुंदर तोड काढली आहे. हत्यार उलटे करायचे. उलटे केले की त्याचा दोषही उलटतो आणि दुप्पट होऊन दिसतो.

पेटीतला गुण्या घेऊ. त्याचे एक अंग फळीच्या सरळ कडेला टेकवून दुसऱ्या अंगालगत पेन्सिलीने रेघ ओढा. आता गुण्या पालथा करा आणि त्याच बिंदूतून पुन्हा रेघ ओढा. दोन्ही रेघा एकावर एक पडल्या, तर काटकोन खरा. फाकल्या, तर खोटा. का? सरळ रेषेवरच्या दोन लगतच्या कोनांची बेरीज १८० अंश असते. ते दोन्ही सारखे असतील तर प्रत्येक ९० अंशांचाच असला पाहिजे. माझ्या गुण्याच्या रेघा १५ सें.मी. अंतरावर १ मि.मी. फाकल्या. ही फट दुप्पट दोषाची आहे. म्हणजे खरा दोष १५ सें.मी.मध्ये अर्धा मि.मी., कोनात सुमारे ०.१९ अंश. खिडकीच्या चौकटीला चालेल, यंत्राच्या भागाला चालणार नाही.

गवंड्याची पाणसळ अशीच तपासतात. तिच्या काचनळीला किंचित बाक असतो, म्हणून बुडबुडा नळीच्या सर्वांत उंच जागी जाऊन थांबतो. पाणसळ टेबलावर ठेवून बुडबुड्याची जागा पाहा, मग ती टोकाकडून टोकाकडे फिरवून त्याच जागी ठेवा. बुडबुडा तुमच्या दृष्टीने त्याच बाजूला राहिला, तर टेबल उतरते आहे. बाजू बदलली, तर पाणसळ खोटी.

दोन पारड्यांच्या तराजूची दांडी दोन्ही बाजूंना सारखी नसेल, तर? वस्तू आधी डाव्या व मग उजव्या पारड्यात ठेवून तोला. समजा, एकदा ८० ग्रॅम आणि एकदा १२५ ग्रॅम भरले. सरासरी १०२.५ येते, पण ती बरोबर नाही. तरफेचा नियम दोनदा मांडून पाहा. दोन्ही वजनांचा गुणाकार खऱ्या वजनाच्या वर्गाइतका येतो. ८० गुणिले १२५ म्हणजे १०,०००, त्याचे वर्गमूळ १००. खरे वजन १०० ग्रॅम. पाहा, तराजू खोटा, तरी उत्तर खरे!

तीन पाट्यांची युक्ती

सपाटीची गोष्ट याहून अवघड आहे. एखादा पृष्ठभाग सपाट आहे, हे कशावरून म्हणायचे? दोन पाट्या एकमेकींवर ठेवल्या आणि तंतोतंत बसल्या, तर दोन्ही सपाट, असे तुम्ही म्हणाल. पण एक किंचित फुगीर आणि दुसरी तेवढीच खोलगट असली, तरी त्या तंतोतंत बसतील. वाटीवर वाटी बसते तशा.

याचे उत्तर तिसरी पाटी देते. पहिली पाटी फुगीर असेल, तर तिच्याशी जुळणारी दुसरी खोलगट हवी. दुसरीशी जुळणारी तिसरी पुन्हा फुगीर हवी. आता पहिली आणि तिसरी एकमेकींवर ठेवा. दोन्ही फुगीर, म्हणजे मध्येच टेकतील आणि डुगडुगतील. तिन्ही जोड्या, पाट्या फिरवूनही, जुळतात त्या केवळ तिन्ही सपाट असल्या तरच. दोघींचे संगनमत होऊ शकते, तिघींचे होत नाही.

ही पद्धत वापरून कारखान्यांतल्या सपाट पाट्या तयार करावयाच्या, एका पाटीला रंग लावून दुसरीवर उमटलेले उंचवटे हाताने खरवडायचे, हे व्हिटवर्थने १८४० मध्ये ग्लासगोच्या विज्ञानसभेत निबंध वाचून मांडले. कोणतेही सपाट माप हाताशी नसताना सपाटी निर्माण करण्याची ही युक्ती आहे. पुढच्या अचूक यंत्रांचा पाया तीच आहे.

पोलादाचे पाणी

आता पेटीतल्या छिन्न्या. दिसायला दोन्ही सारख्या, दोन्ही गंजलेल्या. पण एकीचे ‘पाणी उतरले’ होते. हे पाणी म्हणजे काय? कार्बन असलेले पोलाद लालबुंद तापवून एकदम पाण्यात किंवा तेलात बुडवले, की आतल्या कार्बनच्या अणूंना बाहेर पडायला वेळ मिळत नाही. ते लोखंडाच्या स्फटिकांत अडकून पडतात आणि पोलाद अतिशय कठीण, पण काचेसारखे ठिसूळ बनते. म्हणून ते पुन्हा थोडे तापवतात. घासून चकचकीत केलेल्या पृष्ठभागावर या वेळी रंग चढत जातात. सुमारे २३० अंश सेल्सिअसला गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि सुमारे ३०० अंशांना निळा. हे रंग पोलादाचे नव्हेत. पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ पापुद्रा तयार होतो आणि त्याच्या वरच्या व खालच्या पृष्ठांवरून परावर्तित झालेल्या प्रकाशलहरींच्या व्यतिकरणाने ते दिसतात. साबणाच्या फुग्यावर किंवा पावसात डांबरी रस्त्यावर सांडलेल्या तेलावर दिसतात, तसेच. तापमापी नसताना लोहार या रंगांवरून तापमान ओळखत आला आहे.

भंगारवाले कधी कधी लाकडी मुठी काढण्यासाठी हत्यारे आगीत टाकतात. असे हत्यार मऊ पडते. त्याची परीक्षा सोपी आहे. धारेजवळ चांगली कानस हलकेच चालवून पाहा. कानस घसरली, तर पाणी शाबूत. कानस चावली आणि कीस निघाला, तर उतरले. दुसरी परीक्षा नादाची. हत्यार दोऱ्याने टांगून त्यावर लहान हातोडीने हळूच टकटक करा. घंटेसारखा लांबणारा नाद आला तर ठीक. बद्द आवाज आला तर आत चीर असण्याचा संभव आहे, कारण चिरेच्या कडा एकमेकींवर घासून कंपनांची ऊर्जा खाऊन टाकतात.

गंज काढण्यासाठी व्हिनेगरमध्ये भिजत घालावे, धुऊन लगेच कोरडे करावे आणि तेलाचा हात फिरवावा. मोजमापाच्या हत्याराच्या मोजणाऱ्या तोंडांना मात्र पॉलिशचा कागद चुकूनही लावू नये. तेथे एक शतांश मि.मी. घासला गेला, की आपण आपल्याच हाताने खोटे माप तयार केले.

खरेदीला जाण्यापूर्वी

चार सूचना देतो. मोठ्या माणसाला बरोबर न्या, पायांत बूट घाला आणि धनुर्वाताची लस घेतलेली असू द्या. पारा असलेली उपकरणे, फुटक्या बॅटऱ्या आणि अंधारात चमकणाऱ्या जुन्या तबकड्या घेऊ नका, त्या तबकड्यांच्या रंगात रेडियम असू शकते. विजेची जुनी हत्यारे जाणकाराने तपासल्याशिवाय प्लगात घालू नका. आणि रेल्वेची किंवा सरकारी खूण असलेला माल स्वस्त असला तरी हात लावू नका. रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगणे हा १९६६ च्या कायद्याने गुन्हा आहे.

पेटीतले कापड तपासण्याचे भिंग तुमच्या गावी मिळाले, तर जरूर घ्या. त्याच्या घडीच्या चौकटीला एक इंच बाजूची चौकोनी खिडकी असते. ती कापडावर ठेवून एका इंचातले उभे आणि आडवे धागे मोजतात. उन्हात कागदावर सूर्याची प्रतिमा पाडून भिंगाचे नाभ्यंतर काढा. ते ५ सें.मी. असेल, तर भिंग सुमारे सहा पट मोठे दाखवील. सूर्याकडे भिंगातून कधीही पाहू नका.

मायक्रोमीटरचा निकाल

मायक्रोमीटर मी सर्वांत शेवटी तपासला. हे उपकरण पॅरिसच्या ज्यां लोरां पामेर याने १८४८ मध्ये पेटंट केले. माझा इंचाचा होता. इंचाला ४० आटे, म्हणजे एका फेऱ्यात ०.०२५ इंच सरक. गोल पट्टीवर २५ घरे, म्हणजे लघुतम माप ०.००१ इंच, अथवा ०.०२५४ मि.मी.

तोंडे स्वच्छ पुसून मिटवली, तर शून्याऐवजी २ घरे दिसली. हा झाला शून्याचा दोष. पण तेवढे पुरेसे नाही, स्क्रू मध्येच कुठे झिजलेला असू शकतो. त्यासाठी माप ठाऊक असलेली वस्तू हवी. ती तुमच्या कोपऱ्यावरच्या सायकलच्या दुकानात आहे! मागच्या चाकाची नवी पोलादी गोळी पाव इंचाची, म्हणजे ६.३५ मि.मी. असते आणि अतिशय अचूक घडवलेली असते. ती ०.२५२ भरली. पुढच्या चाकाची गोळी ३/१६ इंचाची, म्हणजे ०.१८७५. काटा ०.१८९ आणि ०.१९० च्या मधोमध थांबला. अर्ध्या इंचाची गोळी आणली, ती ०.५०२ भरली. प्रत्येक ठिकाणी तीच दोन घरे जास्त. म्हणजे स्क्रू उत्तम, फक्त शून्य सरकले होते. शून्य जुळवायची लहान किल्ली डबीत नव्हती.

एवढे सगळे वहीत लिहून मी डबी साफ करायला घेतली. रॉकेलच्या बोळ्याने झाकणाच्या आतला तेलाचा थर निघाला आणि खाली खिळ्याने कोरलेली अक्षरे दिसली: ‘दोन घर वजा.’

मी बराच वेळ ते झाकण हातात घेऊन बसलो. जे शोधायला मला तीन गोळ्या आणि एक रविवार लागला, ते त्या फिटरना ठाऊक होते. किल्ली हरवली असेल, नवी मिळाली नसेल, म्हणून त्यांनी दोष शोधला, लिहून ठेवला आणि त्याच हत्याराने अचूक काम केले. मी ताणकाट्यावर चिठ्ठी चिकटवली ती एका मुलीने माझी चूक दाखवल्यावर. त्यांनी ती न सांगता लिहिली होती.

दुकानदारांकडे मुलाचा पत्ता विचारला. ते म्हणाले, “नाही ठेवला, मास्तर.” आता तो मायक्रोमीटर आमच्या प्रयोगशाळेत आहे, त्याच डबीत. विद्यार्थ्यांना तो देताना मी दोष सांगत नाही. आधी तो शोधायला सांगतो आणि मग झाकण उघडायला लावतो.

तुमच्याही घरी माळ्यावर आजोबांची एखादी पेटी असेल. भंगारवाल्याची हाक ऐकू येण्यापूर्वी ती खाली काढा. गुण्या असेल तर पालथा करून रेघ ओढा, पाणसळ असेल तर फिरवून पाहा आणि जे आढळेल ते तारखेसह झाकणावर लिहून ठेवा. तुमच्यानंतर ते हत्यार ज्याच्या हाती जाईल, त्याला त्याचा उपयोग होईल.